चोरीची दुचाकी परत मिळेपर्यंत : नव्या संहितेखालील पोलीस ठाण्याची आणि न्यायालयाची सेवा

२२ नोव्हेंबर २०२४ च्या शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या मध्यवस्तीतून माझ्या पत्नीची दुचाकी चोरीला गेली आणि २६ एप्रिल २०२५ रोजी ती आमच्या दारात परत आली. या पाच महिन्यांत एक पोलीस ठाणे आणि एक फौजदारी न्यायालय यांच्याकडून नागरिक म्हणून आम्हाला जी सेवा मिळाली, तिचे हे परीक्षण आहे. ठाण्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कोणा एका ठाण्याविरुद्ध नाही. १ जुलै २०२४ पासून देशात जो नवा प्रक्रिया कायदा लागू झाला, त्याने फिर्यादीला काही मुदतींची हमी दिली आहे. त्या मुदती प्रत्यक्षात कधीपासून आणि कोणाच्या हाताने मोजल्या जातात, हे मला अगदी जवळून पाहायला मिळाले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना ते उपयोगी पडावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी कायद्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. भारतात फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता १८६१ मध्ये आली, पुढे १८९८ ची संहिता दीर्घकाळ चालली आणि १९७३ मध्ये संमत झालेली फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये लोकसभेत मांडले गेले, गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे जाऊन आले, डिसेंबरमध्ये सुधारित रूपात पुन्हा मांडले गेले आणि २० व २१ डिसेंबर या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत संमत झाले. त्या वेळी दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. ५३१ कलमांचा, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या रोजच्या कामाशी संबंध असलेला कायदा अशा अवस्थेत संमत होणे मला तेव्हाही योग्य वाटले नव्हते, आणि पुढे ज्या त्रुटी मी सांगणार आहे, त्यांतील काही तरी कलमवार चर्चेत सहज लक्षात आल्या असत्या असे मला आजही वाटते. तरीही या संहितेत फिर्यादीसाठी चांगल्या तरतुदी आहेत, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिल्या संध्याकाळचा अनुभव हद्दीचा होता. गाडी जिथे लावली होती तो रस्ता दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दींच्या काठावर येतो. जवळच्या ठाण्यात गेलो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, ती हद्द आमच्याकडं येत न्हाई. पलीकडच्या ठाण्यात जावा.” नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असला तरी देता येते. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची नोंद शून्य क्रमांकाने करून ती संबंधित ठाण्याकडे पाठवायची, ही पद्धत पूर्वी गृह मंत्रालयाच्या सूचनांवर आणि न्यायालयांच्या निर्णयांवर चालत होती. आता तिला कायद्याच्या मजकुराचा आधार मिळाला आहे. मी हे कलम सांगितल्यावर अंमलदारांनी ते नाकारले नाही. फक्त, दुसऱ्या दिवशी विधानसभेची मतमोजणी असल्यामुळे निम्मे ठाणे बंदोबस्तात आहे, तेव्हा सध्या साधा तक्रार अर्ज द्या, गुन्ह्याचे पुढे बघू, असे ते म्हणाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. २३ तारखेला सगळ्या जिल्ह्यावर ताण होता. पण तक्रार अर्ज आणि फिर्याद यांत फार मोठा फरक आहे. अर्जावर आवक शिक्का बसतो आणि तो कागद फायलीत राहतो. फिर्यादीला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो, तपासी अंमलदार नेमला जातो, विमा कंपनी तो क्रमांक विचारते, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कायद्याने दिलेल्या पुढच्या मुदती त्या क्रमांकावर अवलंबून असतात. साध्या अर्जावर त्यांतली एकही सुरू होत नाही.

माझा एक भाचा वकिली करतो. त्याच्या सांगण्यावरून त्याच रात्री मी ठाण्याच्या अधिकृत ईमेल पत्त्यावर फिर्याद पाठवली. गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक, गाडी लावल्याची आणि नसल्याचे लक्षात आल्याची वेळ, विम्याचा कागद आणि गाडीचे दोन फोटो त्याला जोडले. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर देण्याची ही सोय संहितेतील माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा आहे, कारण तिच्यामुळे खबर दिल्याची तारीख आणि वेळ ठाण्याच्या मर्जीवर राहत नाही, ती फिर्यादीच्या हातात राहते. मात्र तिला एक अट आहे. अशी खबर देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली, तरच ती अभिलेखावर घेतली जाते.

रविवारी मी सहीसाठी गेलो, तेव्हा ईमेल कोणी उघडलेलीच नव्हती. संगणकावर काम करणारे कर्मचारी सोमवारी येतील असे सांगण्यात आले. सोमवार हा तिसरा दिवस होता. त्या दिवशी सही झाली, म्हणून माझे नुकसान झाले नाही. पण घरी येताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीन दिवसांचे बंधन नागरिकावर आहे; ठाण्याने ईमेल किती वेळात उघडावी, पोच द्यावी की नाही, सहीसाठी आलेल्या माणसाला परत पाठवले तर त्या दिवसाचे काय, याबद्दल कलमात एक शब्दही नाही. राधानगरी किंवा चंदगडच्या एखाद्या वाडीवरून माणूस दोनदा एसटीने येऊन गेला आणि चौथा दिवस उजाडला, तर त्याची खबर केवळ तेवढ्या कारणाने बाजूला ठेवता येईल. ईमेल पोहोचताच मोबाइलवर आपोआप पोच जाणे आणि सहीसाठी आल्याची नोंद स्टेशन डायरीत होणे, एवढी व्यवस्था केली तरी हे कलम खऱ्या अर्थाने उपयोगी ठरेल. तोपर्यंत माझा सल्ला असा की, सहीसाठी गेलात आणि परत पाठवले गेलात, तर तिथूनच त्याच पत्त्यावर दुसरी ईमेल करा आणि आपण किती वाजता, कोणासमोर हजर होतो ते तीत लिहा.

सही झाल्यावर आणखी एक वळण आले. एका अधिकाऱ्यांनी सांगितले की, नव्या कायद्यात चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूद आहे, ती झाल्यावर गुन्हा दाखल करू. ही तरतूद आहे, हे खरे आहे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत प्रथमदर्शनी प्रकरण आहे की नाही हे पाहण्यासाठी चौदा दिवसांत चौकशी करता येते. मात्र त्यासाठी पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्यामुळे ती या चौकटीत येते असे धरले, तरी नोंदणीची कागदपत्रे, गाडीची किल्ली आणि रिकामी जागा यांपलीकडे प्राथमिक चौकशीत कोणती गोष्ट पडताळायची होती, हे मला समजले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये निर्णय दिला होता की, खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे आणि प्राथमिक चौकशी मोजक्या प्रकारच्या प्रकरणांतच करता येईल. नव्या संहितेने या अपवादाची कक्षा रुंदावली आहे, आणि ही मला सुधारणा वाटत नाही. पूर्वी गुन्हा नोंदवायला केलेला उशीर हा सरळ उशीर होता. आता त्याला कलमाचा आधार सांगता येतो.

इथे एका महिला पोलीस उपनिरीक्षकांचा उल्लेख मी कृतज्ञतेने करतो. त्यांनी टेबलावरची संहितेची प्रत उघडली, उपकलम शेवटपर्यंत वाचले, पूर्वपरवानगी घेतलेली नाही हे स्वतःच लक्षात आणून दिले आणि “यात चौकशीला काही नाही, फिर्याद घ्या,” असे सांगितले. पाऊण तासात गुन्हा नोंद झाला आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य हातात पडली. मी ती मागण्याआधीच त्यांनी छापायला सांगितली होती. कायदा नवा असो की जुना, तो वाचलेला अधिकारी समोर असणे हीच फिर्यादीला मिळणारी सर्वांत मोठी सेवा आहे. या टप्प्यासाठी ठाण्याचे कौतुक करायला मी जराही कचरणार नाही.

माझ्याकडे तुलनेसाठी जुना अनुभवही आहे. २०११ मध्ये माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल अशीच गेली होती. तेव्हा १९७३ च्या संहितेचे कलम १५४ होते आणि मोफत प्रत मिळण्याचा हक्क त्यातही होता, पण ती प्रत मिळवायला भावाला चार खेपा घालाव्या लागल्या आणि कागद व झेरॉक्सचा खर्च त्याच्याकडूनच घेतला गेला. या वेळी तसे काही झाले नाही. तपास कुठवर आला, हे भावाला तेव्हा पाच-सहा महिने कोणीही कळवले नाही, कारण ते कळवण्याची मुदत तेव्हाच्या संहितेत नव्हती.

आता ती आहे. कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला नव्वद दिवसांच्या आत कळवायची आहे, आणि ती फोनवरील संदेशानेही कळवता येते. आमच्या गुन्ह्याची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे नव्वदावा दिवस २३ फेब्रुवारी २०२५ चा. त्या दिवशी काही आले नाही. २८ फेब्रुवारीला मी ईमेलने विचारणा केली आणि ३ मार्चला तपासी अंमलदारांचा व्हॉट्सॲपवर संदेश आला : परिसरातील सीसीटीव्ही चित्रण तपासले, संशयित निष्पन्न नाही, तपास सुरू आहे. मजकूर दोन ओळींचा असला तरी त्याचे मोल आम्हाला फार होते, कारण चोरीच्या गुन्ह्यात कित्येकदा फिर्यादीला पुढचे एकदम समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवल्यावरच कळते. गुन्हा खरा पण आरोपी मिळून आला नाही, असा ‘अ’ समरीचा अहवाल गेल्यावर विमा कंपनीचे काम पुढे सरकते, पण गाडी मिळण्याची आशा संपते. हा संदेश नव्वद दिवसांत आपोआप जाईल अशी सोय ठाण्याच्या संगणक प्रणालीत करणे अवघड नाही. गुन्ह्याची नोंद देशभर जोडलेल्या त्याच प्रणालीत होते. तारीख तिच्याकडे असतेच.

२ एप्रिलला, पाडवा होऊन तीन दिवस झाले असताना, ठाण्यातून फोन आला की, पोलिसांच्या एका पथकाने पकडलेल्या इसमांकडून काही दुचाकी जप्त झाल्या आहेत आणि त्यांत आमची गाडी आहे. नव्या संहितेचे कलम १०५ जप्तीचे दृश्य व ध्वनिमुद्रण बंधनकारक करते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायला सांगते. आमच्या गाडीच्या जप्तीचा पंचनामा मोबाइलवर चित्रित झाला होता, आणि चासी क्रमांक वाचून दाखवला जात असतानाचे चित्रण मी पाहिले. २०११ च्या पंचनाम्यात भावाच्या मोटारसायकलचा एक आकडा चुकला होता आणि ती चूक दुरुस्त करण्यात दोन महिने गेले होते. चित्रण असते, तर ती झाली नसती. ही तरतूद आरोपीच्या हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असे सर्वत्र सांगितले जाते. ती मालकाच्याही तितकीच उपयोगाची आहे.

गाडी ओळखण्यासाठी ठाण्याच्या मागच्या आवारात गेलो, तिथले दृश्य कोल्हापूरकरांना नवे नाही. एकमेकांवर रेललेल्या, रंग उडालेल्या, टायर मातीत रुतलेल्या दुचाकी, काहींच्या बैठकीतून गवत वर आलेले. दोन पावसाळे काढलेली गाडी परत मिळाली तरी भंगाराच्याच भावाची उरते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सांगितले होते की, जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. दंडाधिकाऱ्यांनी फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत. त्यानंतर नऊ वर्षांनी भावाची मोटारसायकल सात महिने अशाच आवारात होती, आणि परत आली तेव्हा तिला बॅटरी आणि आरसे नव्हते.

नव्या संहितेने या प्रश्नावर नेमका उपाय करायचा प्रयत्न केला आहे. कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल न्यायालयासमोर हजर केल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णनपत्र तयार करायचे, फोटो काढायचे, गरज असल्यास चित्रीकरण करायचे, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याची विल्हेवाट किंवा सुपूर्तता याबद्दल आदेश द्यायचा. वाचायला हे अगदी स्पष्ट आहे. पण यातली मुदत ‘न्यायालयासमोर हजर केल्यापासून’ सुरू होते, आणि चोरीची दुचाकी प्रत्यक्षात कोणीही टेम्पोत घालून कसबा बावड्याच्या न्यायालयात नेत नाही. ती ठाण्यातच राहते, न्यायालयाला जप्तीचा अहवाल जातो. अशा मालासाठी कलम ५०३ आहे, आणि जुन्या संहितेतील कलम ४५७ चाच मजकूर जवळपास जसाच्या तसा घेतलेल्या या कलमात कसलीही मुदत नाही. म्हणजे ज्या वाहनांच्या ढिगाऱ्यासाठी चौदा आणि तीस दिवसांची सुधारणा झाली, तीच वाहने मुदत नसलेल्या कलमाखाली जातात. हे माझ्या लक्षात भाच्याने आणून दिले, आणि त्याने अर्जावर दोन्ही कलमे लिहिली.

उपाय फार साधा आहे. जप्तीचा अहवाल आणि कलम १०५ चे चित्रण दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचले, की मुद्देमाल हजर झाला असे समजावे, एवढे एक वाक्य कलम ४९७ मध्ये घालायला हवे. चित्रण तसेही पाठवायचेच आहे. सुधारणेचा कायदा करणाऱ्यांनी एकदा कोणत्याही जिल्ह्यातील ठाण्याचे मागचे आवार पाहिले असते, तर हे वाक्य राहून गेले नसते असे मला मनापासून वाटते.

न्यायालयाच्या सेवेबद्दल मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. ८ एप्रिलला अर्ज दाखल झाला. पोलिसांचे आणि सरकारी वकिलांचे म्हणणे येण्यात दोन तारखा गेल्या. ते २१ एप्रिलला आले. २४ एप्रिलला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला आणि शनिवारी, २६ तारखेला, मुद्देमाल कारकुनांनी नोंदवहीवर सही घेऊन किल्ली दिली. जप्तीपासून चोवीस दिवस. गाडीची बॅटरी, आरसे, सुटा टायर सगळे जागेवर होते. कारकुनांनी स्वतः यादी वाचून एकेक वस्तू दाखवली आणि मगच सही मागितली. भावाचे सात महिने आणि आमचे चोवीस दिवस यांतील अंतर केवळ कलमांमुळे पडले असे मी म्हणणार नाही. अर्ज वेळेत आणि नीट केला गेला, न्यायालयाने तारखा जवळच्या दिल्या आणि ठाण्याने माल सांभाळला. पण न्यायाधीशांनी आदेशात चौदा दिवसांच्या मुदतीचा उल्लेख केला होता आणि अर्जाची तारीख हीच तिची सुरुवात मानली होती, याचे महत्त्व मोठे आहे. कायद्यात राहिलेली फट एका दंडाधिकाऱ्यांनी समंजसपणे भरली. सगळीकडे तसेच होईल याची खात्री कोण देणार?

आदेश विरुद्ध गेला असता, तर सत्र न्यायालयात आणि पुढे उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग होता. तेव्हा त्यासाठी मुंबईचा रात्रभराचा प्रवास करावा लागला असता, आणि एका जुन्या दुचाकीसाठी तो कोणीच केला नसता. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात काम करू लागले आहे, आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आहेत. लहान फिर्यादींच्या दृष्टीने हा बदल संहितेतील कितीतरी कलमांइतकाच मोलाचा आहे.

एक गोष्ट अजून अपुरी आहे. सुपूर्तता आदेशात नेहमीच्या अटी आहेत : गाडीच्या किमतीएवढे बंधपत्र, खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग किंवा स्वरूप बदलायचे नाही, न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करायची. या अटी पूर्वीपासून चालत आल्या आहेत आणि तेव्हा त्यांना कारणही होते, कारण पुरावा म्हणून वस्तूच दाखवावी लागे. नव्या कलम ४९७ मध्ये मात्र लिहिले आहे की, तयार केलेले वर्णनपत्र आणि काढलेले फोटो किंवा चित्रण हेच खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाईल. मग दहा वर्षे वापरलेली गाडी विकण्यास बंदी कशासाठी? पत्नी पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे, आणि त्यानंतर तिला ही गाडी लागणार नाही. या खटल्यात दोषारोपपत्र दाखल झाले आहे. इतर वाहनांच्या गुन्ह्यांतही हेच आरोपी असल्यामुळे तो लवकर संपेल असे नाही. म्हणून विक्रीबंदीची अट शिथिल करावी असा अर्ज आम्ही कलम ४९७ च्या त्याच वाक्याचा आधार घेऊन दिला आहे. त्यावर सरकारी वकिलांचे म्हणणे अजून यायचे आहे.